कायदा आणि आपण : पेटी मालकाची, मोटारसायकल मुलाची

गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. सप्रेम जयभीम करून त्या लिहितात, की त्यांचा थोरला मुलगा शिक्षण संपल्यावर दोन वर्षे घरी बसून होता. आता तालुक्याच्या गावी एका वाइन शॉपमध्ये काउंटरवर कामाला लागला आहे. पगार वेळेवर मिळतो, मालक बोलायला बरा आहे. पण दर शनिवारी दुकान बंद व्हायच्या सुमारास मालक दोन पेट्या मुलाच्या मोटारसायकलवर बांधून देतो आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या एका धाब्यावर पोचवायला सांगतो. धाब्याला दारूचा परवाना नाही, हे मुलालाही ठाऊक आहे. त्याने एकदा भीत भीत विचारले, तेव्हा मालक म्हणाला, "आपल्याकडे सरकारी परवाना आहे, तू कशाला घाबरतोस?" बाईंचा प्रश्न एका ओळीचा आहे. उद्या रस्त्यात पकडले तर परवाना मालकाचा आणि पोरगा माझा. मग आत कोण जाणार?

पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी मुलाचा आवाज बारीक होतो. भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले, त्यांत मद्याचा व्यापार आहे, हे आमच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. पण दोन वर्षे घरी बसलेल्या मुलाला नोकरी सोड म्हणणे सोपे नसते, आणि नोकरी देणारे आम्ही नव्हे. म्हणून तो विषय त्या मायलेकांवर सोपवून आम्ही कायद्यापुरते बोलतो. कारण इथे मालकाने त्या मुलाला कायदाच चुकीचा सांगितला आहे.

आधी परवाना म्हणजे काय ते पाहू. किराणा दुकान काढणे हा नागरिकाचा हक्क आहे. दारूचे दुकान काढणे हा तसा हक्क नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केले, की पिण्याच्या दारूचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कोणाला नाही. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झाले, इतकेच. या कायद्याच्या नावातच बंदी आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मूळ नियम बंदीचा, आणि परवाना हा त्या बंदीला दिलेला अपवाद. अपवाद ज्या अटींवर मिळाला त्या अटींबाहेर पाऊल टाकले, की तो माणूस त्या कृत्यापुरता बिनपरवान्याच्या माणसासारखाच. मालक ज्या कागदाच्या जोरावर "घाबरू नको" म्हणतो, तो कागद काउंटरवरून पुढे दहा किलोमीटर जात नाही.

परवान्यावर जागेचा पत्ता असतो. विक्री त्या जागेतून, ठरल्या वेळेत, बंद बाटलीतून, आणि पिणाऱ्या गिऱ्हाइकाला करायची असते. देशी दारूच्या दुकानाचा परवाना वेगळा, विदेशी मद्याच्या दुकानाचा वेगळा, बिअर शॉपीचा वेगळा, बसून पिण्याच्या परमिट रूमचा वेगळा. एकाचे काम दुसऱ्यावर चालत नाही. वाइन शॉपच्या आडोशाला गिऱ्हाइकाला ग्लास आणि फुटाणे देऊन बसवणारा दुकानदार आपली अट मोडत असतो, मग पाटीवर कितीही मोठा परवाना क्रमांक लिहिलेला असो. माल आला किती, गेला किती, याची नोंदवही रोजच्या रोज लिहावी लागते. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक किंवा दुय्यम निरीक्षक केव्हाही येऊन वही आणि फळीवरचा माल ताडून पाहू शकतो.

आता त्या दोन पेट्या. धाबेवाला त्या स्वतः पिण्यासाठी घेत नाही, गिऱ्हाइकांना पेगावर विकतो. म्हणजे बिनपरवाना विक्री झाली, आणि त्या विक्रीला माल पुरवणारा झाला आपला दुकानदार. शिवाय मद्याची वाहतूक हीही स्वतंत्र बाब आहे. घाऊक माल दुकानात येतो तो वाहतूक पासावर येतो. दुकानातून धाब्याकडे निघालेल्या पेटीला असा पास कोणी देत नाही, देऊ शकतही नाही. नाक्यावर गाडी अडवली तर पेटी सापडते मुलाच्या ताब्यात. पंचनाम्यात पहिले नाव त्याचे येते. मोटारसायकल जप्त होते, आणि तिच्यावर कर्जाचे हप्ते चालू असतील तर गाडी ठाण्याच्या आवारात गंजत असतानाही हप्ते थांबत नाहीत. या कायद्याखाली बेकायदा वाहतूक आणि विक्री यांना दंड आणि कैद दोन्ही आहेत. कैद काही वर्षांपर्यंत जाऊ शकते. "मालकाने सांगितले म्हणून केले" हे उत्तर शिक्षा ठरवताना कामी आले तर येईल, गुन्ह्यातून सुटायला पुरे पडत नाही.

मग मालक मोकळा सुटतो का? नाही, आणि बाईंना आम्हाला मुख्यतः हे सांगायचे आहे. नोकराने परवान्याच्या कामात गुन्हा केला तर नोकराबरोबर परवानाधारकही जबाबदार, असे हा कायदा सांगतो. असे होऊ नये म्हणून आपण रास्त ती सारी काळजी घेतली होती, हे मालकाला सिद्ध करावे लागते. ज्याने स्वतःच पेट्या बांधून दिल्या तो कसली काळजी सिद्ध करणार? अडचण एवढीच आहे, की पेट्या त्याने बांधल्या हे सांगणारा साक्षीदार बहुधा दुसरा कोणी नसतो. मालक ठाण्यात येऊन म्हणतो, "हा पोरगा चोरून माल नेत होता." आम्ही असे घडलेले ऐकले आहे. गुन्हा वाहतुकीचा होता तो चोरीचाही झाला, आणि नोकरी गेली ती वेगळीच.

इथे नोकरनामा कामाला येतो. दारूच्या दुकानात मालकाच्या वतीने विक्री करणाऱ्या माणसाच्या नावाचा नोकरनामा लागतो, आणि त्याची नोंद उत्पादन शुल्क खात्याकडे असते. आमच्या माहितीतल्या पुष्कळ मुलांना हा शब्द ठाऊक नाही. वर्षानुवर्षे काउंटरवर उभे राहतात, आणि कागदावर ती तिथे नसतातच. नोकरनामा नसलेला नोकर हा मालकाच्या दृष्टीने फार सोयीचा माणूस असतो. तपासणी आली की "हा गिऱ्हाईक आहे, बसला होता" म्हणून हात झटकता येतात. बाईंच्या मुलाने आपला नोकरनामा आहे का, हे आधी पाहावे. असला तर त्याची प्रत घरी ठेवावी.

काही ठिकाणी याहून निराळे चालते. परवाना एकाच्या नावावर आणि दुकान चालवतो दुसराच. महाराष्ट्रात वाइन शॉपचे आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणे १९७० च्या दशकात थांबवले गेले, त्यामुळे जुन्या परवान्यांचे मोल सोन्यासारखे वाढत गेले. मग भागीदारीचे कागद होतात, कुलमुखत्यारपत्रे होतात. आपल्यातल्या एखाद्या गरीब माणसाला "तुझे फक्त नाव लावू, महिन्याला इतके देऊ" असे सांगणारे भेटतात. नाव लावणाऱ्याने एक समजून घ्यावे : कायद्याच्या लेखी दुकान त्याचे असते. ३१ मार्चला परवान्याचे वर्ष संपते तेव्हा शुल्क भरून नूतनीकरण करण्याची जबाबदारी त्याची, बनावट माल सापडला तर पहिली नोटीस त्याला, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीला उभे राहायचेही त्यानेच. पैसे मात्र दुसऱ्याने मोजलेले असतात.

वयाचा प्रश्न बाईंनी विचारलेला नाही, तरी तो त्यांच्या मुलासमोर रोज उभा राहत असणार. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे अशी वयाची अट आहे, आणि पिणाऱ्याजवळ स्वतःचा पिण्याचा परवाना असावा लागतो. काही रुपयांत एक दिवसाचा परवाना मिळतो. दुकानदार तो देत नाहीत, गिऱ्हाईक मागत नाही, आणि दोघांनाही तो आहे हेच विसरायला झाले आहे. पण १८ वर्षांखालील मुलाची गोष्ट आली की विसरून चालत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमाप्रमाणे मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. डॉक्टरने सांगितले असेल तेवढाच अपवाद. त्याच कायद्याचे ७८ वे कलम मुलाला मद्य विकायला, वाहायला किंवा पोचवायला वापरणाऱ्यासाठी आहे. शिक्षा तीच.

आम्ही राहतो त्या वस्तीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात संध्याकाळी सहाच्या सुमारास एक मुलगा येताना आम्ही पाहतो. नऊ-दहा वर्षांचा असेल. हातात कापडी पिशवी, मुठीत चुरगळलेली नोट. काउंटरवरचा माणूस काही विचारत नाही, पिशवीत बाटली टाकतो, सुटे पैसे देतो. एकदा आम्ही त्या माणसाला हटकले. तो म्हणाला, "साहेब, बापासाठी नेतो, स्वतः थोडीच पितो!" त्याला वाटले, उत्तर दिले. पण ७८ व्या कलमात मूल पिते की नाही हा प्रश्नच नाही. मुलाकरवी मद्य वाहून नेणे हाच गुन्हा, आणि त्या कलमाने बापाला वगळलेले नाही. दुकानदारावर खटला झाला तर बापाचेही नाव त्यात येऊ शकते, हे त्या घरातल्या आईने एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

ही कलमे फक्त पुस्तकात राहत नाहीत. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी त्या मुलाला ज्या ठिकाणी मद्य दिले गेले तिथल्या मालक-व्यवस्थापकांना याच बाल न्याय अधिनियमाखाली अटक झाली आणि ती ठिकाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने मोहोरबंद झाली. टेबलावर ग्लास आणून ठेवणाऱ्या वेटरपासून परवानाधारकापर्यंत कोणीही वय विचारले असते, तर पुढचे कदाचित टळले असते.

बाकीच्या जबाबदाऱ्या थोडक्यात. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. वैध मापनाचा कायदा बाटलीलाही लागू आहे, आणि "थंड करून देतो म्हणून दहा रुपये वर" हे चालत नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला दुकान बंद. निवडणुकीत मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास विक्री बंद. मोडल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद. शांततेला धोका वाटल्यास जिल्हाधिकारी एरवीही दुकान बंद ठेवायला लावू शकतात. अशा दिवशी मागच्या दारातून जास्त भावाने विकायला नोकरालाच उभे करतात, हे आम्ही सांगायला नको. रिकाम्या महागड्या बाटल्यांत हलका माल भरण्याचे काम कोणी सांगितले, तर त्या दिवशीच दुकान सोडावे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ती दारू परवान्याच्या दुकानातली नव्हती, हे खरे. पण बाटलीत काय आहे ते पिणाऱ्याला कळत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

दुकानाशेजारी राहणाऱ्या भगिनींसाठीही दोन वाक्ये. २००८ च्या शासन आदेशाने गावातील किंवा वॉर्डातील दुकान मतदानाने बंद करण्याचा मार्ग दिला. आडवी बाटली आणि उभी बाटली म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. एक चतुर्थांश मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान. मतदानास आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतील मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत, असे त्या आदेशात होते. या अटीपायी पुष्कळ गावांत बायका जिंकूनही हरल्या. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात जाहीर झाले, की गृहनिर्माण सोसायटीच्या इमारतीत बिअर शॉपी किंवा वाइन शॉप काढायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. झोपडपट्टीतल्या माणसाला सोसायटी कुठली, हा प्रश्न आमच्या मनात आला, तो इथे नोंदवून ठेवतो.

आता पुन्हा बाईंकडे. मुलाला सांगा, येत्या शनिवारी पेट्या बांधायला लागले की हात मागे घे. भांडू नको. एवढेच म्हण, "शेठ, नोकरनाम्यात काउंटर लिहिले आहे, रस्ता लिहिलेला नाही." मालकाने ऐकले तर बरे. नाही ऐकले आणि कामावरून काढले, तर थकलेल्या पगाराचा हिशेब लेखी मागावा आणि दिवस न घालवता कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज द्यावा. आतापर्यंतच्या खेपांबद्दल मुलाच्या मनात धास्ती असेल, तर कोणाला काही बोलण्याआधी एकदा वकिलाला भेटा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समिती असते. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे वकील विनामूल्य मिळतो, उत्पन्नाची अट न पाहता. जाताना जातीचा दाखला आणि नोकरनामा असल्यास त्याची प्रत बरोबर ठेवा. मोटारसायकलचे कागद मुलाच्या नावावर आहेत की तुमच्या, तेही तिथे सांगा, कारण गाडी जप्त झाली तर सोडवण्याचा अर्ज ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला करावा लागतो. आणि शनिवारी काय झाले ते आम्हाला कळवा.