वायफायच्या पेट्या वाढल्या, मग वेग का वाढत नाही?

आंबा-काजूच्या फळपीक विम्याची मुदत जवळ आली की जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सातबारा हातात धरून माणसे बसलेली, आणि आत संगणकावरचे चक्र नुसते फिरते आहे. मग ग्रामसभेत ठराव येतो, अजून दोन वायफाय बसवा. पेट्या येतात, बिल निघते, आणि कधी कधी नेट आधीपेक्षाही रखडते. माणसे वाढली म्हणून भार वाढला, असे ठेकेदार सांगतो. हे अर्धेच उत्तर आहे.

वायफायची पेटी, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बोलण्याआधी कानोसा घेते. हवेत दुसरे कोणी बोलत नसेल तरच आपला मजकूर सोडते. एका खोलीत हे छान चालते. पण आपल्याकडे एक वाडी इकडे, दुसरी तिकडे, मध्ये सडा. दोन्ही वाड्यांतल्या पेट्यांना एकमेकींचा आवाजच येत नाही. दोघीही हवा मोकळी समजून सड्यावरच्या मनोऱ्याकडे एकदमच बोलतात, आणि तिथे दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळून फुकट जातात. मग पुन्हा पाठवा, पुन्हा टक्कर. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. एका टापूत चौथी पेटी आली की ती कुणाच्या तरी वाटेत येणारच.

मनोऱ्यावरचा घोळ आणखी निराळा. एकाच खांबावर चार दिशांना चार अँटेना. त्यातली एक जोरात पाठवते आहे, आणि तिला चिकटून असलेली दुसरी दहा किलोमीटरवरून आलेला क्षीण संदेश ऐकू पाहते आहे. शिमग्यात पालखीपुढच्या ढोलाला खेटून उभे राहा आणि पलीकडच्या डोंगरावरची हाक ऐकून दाखवा, तसलाच प्रकार!

यावर आपल्याच देशात काम झाले आहे. कानपूर आयआयटीतील भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये लांब पल्ल्याच्या ग्रामीण वायफायसाठी ‘टू-पी’ ही पद्धत मांडली. तिचे सार सोपे आहे. एका खांबावरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम बोलायचे, मग सगळ्यांनी एकदम गप्प राहून ऐकायचे. कोणीही दुसऱ्याच्या कानात ओरडत नाही. २००६ मध्ये चेन्नईच्या ‘सीविट’ संस्थेने ‘वायफायआरई’ नावाचा आराखडा काढला, त्यातही हेच तत्त्व होते. जिथे फायबर पोचली आहे तिथे एक उंच मनोरा, आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूतील गावांना ठरलेल्या वेळाच्या वाटण्या. पाटाच्या पाण्याची पाळी लावतो ना, तशीच ही हवेची पाळी. फरक एवढाच की इथे पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. म्हणून सगळ्यांचे घड्याळ एक हवे. ते उपग्रहाकडून, म्हणजे जीपीएसवरून घेता येते.

आता हा प्रश्न आपल्या दारात का आला? सुधारित भारतनेटला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. पण फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी आपल्या विखुरलेल्या वाड्यांपर्यंत प्रत्येक ठिकाणी चर खणणे परवडणारे नाही. जांभा फोडण्याचा खर्च ज्याने विहीर खणली त्याला विचारा. पुढचा टप्पा बराचसा बिनतारीच राहणार. पालघरमध्ये खामलोली परिसरात मुंबई आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पातून असे बिनतारी जाळे उभे करून दाखवले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. ठरावात पेट्यांची संख्या लिहून भागणार नाही. वाहिन्या कोण वाटून देणार, घड्याळ कोण जुळवणार आणि वर्षभर ते कोण पाहणार, हे अंदाजपत्रकात आलेच पाहिजे. बाजारातला घरगुती राउटर अशी पाळी पाळत नाही. ती पाळणारी बाहेर बसवायची उपकरणे मिळतात, पण सहसा एका कंपनीच्या यंत्राचे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी वेळेबाबत जमत नाही. तेव्हा स्वस्त मिळाली म्हणून वेगळीच पेटी मध्ये घुसवू नका. पेट्यांनी आपसांत समन्वय ठेवावा यासाठी ‘८०२.११ बीएन’ या पुढच्या मानकाचे काम सुरू आहे, पण त्याची वाट पाहत विम्याची मुदत थांबत नाही.

आणखी एक. पावसाच्या धारांनी या लहरींचे फारसे बिघडत नाही, पण ओल्या पानांनी बिघडते. मे महिन्यात कलमांच्या शेंड्यांवरून दिसणारा मनोरा जुलैत हरवतो. वाऱ्याने अँटेना चार अंशांनी फिरली तरी तीच गत. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकरांनी संपर्क तुटणे म्हणजे काय ते भोगले आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करण्याची अट करारात घाला.

आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी काम ताब्यात घेताना चाचणी पहाटे एकट्या मोबाइलवर घेऊ नये. संध्याकाळी सातला, तीन वाड्यांतून, तिन्हीकडे ई-पीक पाहणीचे फोटो एकदमच चढवायला लावा आणि तिन्हींचे आकडे बिलाला जोडा.