अँजिओप्लास्टी झाली, पण पुढच्या बारा आठवड्यांचे काय?

जुलै 2012मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होते. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्यामुळे यंत्रमाग आणि विडी कामगारांनाही अँजिओप्लास्टी परवडू लागली. पण डिस्चार्ज कार्डवर व्यायामाबद्दल बऱ्याचदा एवढेच असते: ‘जमेल तेवढे चाला’. किती, कधी, कुठे थांबायचे, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते उपचाराची सर्वांत मोठी गळती इथेच आहे.

2021च्या कॉक्रेन आढाव्यात 85 चाचण्यांमधले तेवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायामावर आधारित पुनर्वसनामुळे पुन्हा झटका येणे, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले. भारतात 24 रुग्णालयांत सुमारे 4 हजार रुग्णांवर ‘योगा-केअर’ ही बारा आठवड्यांची चाचणी झाली. योगामुळे मृत्यू किंवा झटके कमी होतात, असे त्यातून ठामपणे सिद्ध झाले नाही. मात्र रुग्णांना बरे वाटले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. रोजंदारीवरच्या माणसासाठी हे थोडके नाही.

आता रक्तदाबाचे. चालताना वरचा आकडा वाढणे स्वाभाविक आहे. थांबल्यावर तो काही मिनिटांत उतरू लागला पाहिजे. झटक्यानंतर हे उतरणे अनेकदा मंदावते, कारण रक्तवाहिन्यांची लवचिकता आणि त्यांच्यावरचा मज्जासंस्थेचा ताबा बिघडलेला असतो. नियमित व्यायामाने हे दोन्ही सुधारते. उलट, व्यायाम वाढवताना वरचा आकडा खाली येऊ लागला, तर तो धोक्याचा इशारा समजा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि काही आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत जा. चालताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये. वेग एवढाच ठेवा. बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, ती मुद्दाम मंद ठेवलेली असते. एकदम थांबू नका. रक्त पायांत साचते, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, आणि भोवळ येते. शेवटची पाच मिनिटे रमतगमत चाला.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे दुप्पट खरे. पारा चाळिशीपार जातो, घामाने पाणी कमी होते, आणि मार्चमध्ये बरोबर बसलेला डोस मेमध्ये जास्त ठरू शकतो. म्हणून उन्हाळ्यात उजाडतानाच बाहेर पडा. उठल्यावर चक्कर येत असेल तर गोळी स्वतः बंद करू नका. घरच्या रक्तदाबाची वही घेऊन डॉक्टरांना दाखवा. पाण्याचे प्रमाणही त्यांनाच विचारा, कारण हृदयाची ताकद कमी असलेल्यांना ते मोजून प्यावे लागते.

बसलेले असताना वरचा आकडा 180च्या वर असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको. छातीत दाब, धाप किंवा घेरी जाणवली तर तिथेच बसा. सॉर्बिट्रेट लिहून दिली असेल तर सांगितल्याप्रमाणे जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर 108 ला फोन करा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: ‘माझी ट्रेडमिल चाचणी कधी, आणि त्यावरून व्यायाम लिहून कोण देणार?’