नक्कल कोणाची आणि अस्सल कोणासाठी?

आमच्यापैकी एकाच्या घराच्या माडीवर, दहा बाय बाराच्या खोलीत, एक पाइप ऑर्गन आहे. म्हणजे त्याच्या नळ्या नाहीत, भाता नाही, वाऱ्याची पेटी नाही. एकावर एक बसवलेले दोन जुने कीबोर्ड आहेत, खाली पायांनी वाजवायच्या तीस लाकडी पट्ट्या आहेत, एक संगणक आहे आणि दोन स्पीकर आहेत. पट्ट्या आमच्या सुताराने केल्या. नकाशा पाहून त्याने विचारले होते, "सर, माग बसवताय का?" नळ्यांचे स्वर संगणकातून येतात. या साऱ्याला इंग्रजीत 'व्हर्च्युअल पाइप ऑर्गन' म्हणतात. आम्ही 'आभासी' हा शब्द मुद्दाम टाळतो. का टाळतो, तेच या लेखात सांगायचे आहे.

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्रासाठी मोठ्या शहरातून आलेले एक विद्वान संध्याकाळी चहाला आमच्याकडे आले. संगीताचे जाणकार, साहित्याचे अभ्यासक. त्यांनी पाच मिनिटे ऐकले, मान हलवली आणि म्हणाले, "छान आहे, पण ही नक्कल आहे. ऑर्गन ऐकायचा तर चर्चमध्येच ऐकावा. हा तर संस्कृतीचा फोटोस्टॅट." पाहुण्यांशी वाद घालू नये असे आमच्याकडे शिकवतात, म्हणून तेव्हा गप्प राहिलो. पण त्यांच्या त्या एका वाक्यात आपल्या समीक्षेची एक जुनी खोड दडलेली आहे आणि तिला उत्तर न देणे हा भिडस्तपणा ठरेल, असे आम्हांला वाटते.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. युरोपातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये जाणकार मंडळी रात्री मायक्रोफोन लावतात आणि ऑर्गनची एकेक नळी स्वतंत्रपणे मुद्रित करतात. एका स्वरपंक्तीच्या साठेक नळ्या, अशा तीस पंक्ती, म्हणजे अठराशेच्या घरात नळ्या. प्रत्येक नळीचे तीन भाग वेगळे ओळखावे लागतात: वारा शिरताना होणारा फुत्कार, मग स्थिरावलेला स्वर आणि पट्टीवरून बोट उचलल्यावर त्या इमारतीच्या दगडी पोटात चार-पाच सेकंद विरत जाणारा प्रतिध्वनी. बोट चटकन उचलले तर प्रतिध्वनी वेगळा आणि सावकाश उचलले तर वेगळा, म्हणून तोही निरनिराळा मुद्रित करतात. हे सारे 'हाउप्टवेर्क' (२००२ पासूनचे) किंवा 'ग्रँडऑर्ग' यांसारख्या प्रणालीत भरले, की कीबोर्डवरच्या बोटाला ती नळी उत्तर देते. यांतली ग्रँडऑर्ग विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. आम्ही तीच वापरतो, कारण प्राध्यापकाच्या पगारातही मुलांचे शिक्षण असते.

आता 'नक्कल' या शब्दाकडे येऊ. ध्वनिमुद्रिका नक्कल आहे, हे एक वेळ समजू शकते. तीत कुणीतरी वाजवून संपवलेले असते, आपल्याकडे फक्त ऐकणे उरते. पण इथे मुद्रित झालेली रचना नाही, मुद्रित झालेला एकेक स्वर आहे. ध्वनिमुद्रिका हे छापून झालेले पान आहे, तर हे छापखान्यातले खिळे आहेत. खिळ्यांनी भरलेल्या पेटीला कुणी कवितेची नक्कल म्हणत नाही. त्यांतून काय जुळवायचे ते जुळवणाऱ्याच्या हाताने ठरते, आणि आमच्या बाबतीत पायानेसुद्धा. चुकले तर ती चूक आमची असते, बाखची नव्हे आणि संगणकाचीही नव्हे. जे उपकरण वाजवणाऱ्याला चुकू देते ते वाद्य, अशी आमची साधी व्याख्या आहे.

छापखान्याचा दाखला सहज सुचला नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८४१ साली मराठी पंचांग छापले, तेव्हा छापील पोथी अपवित्र मानणारे लोक होते. शाईत चरबी असते हा त्यांचा आक्षेप. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले. आज त्या तुपाचे आपल्याला हसू येते. पण हस्तलिखित अस्सल आणि छापील ग्रंथ बाटलेला, असे म्हणणारा माणूस मूर्ख नव्हता. तो आपल्या काळातला जाणकारच होता. त्याच्या जाणकारीत एकच उणीव होती. पोथी ज्यांच्या दारापर्यंत कधी पोचलीच नव्हती, त्यांचा विचार त्याने केला नव्हता.

दुसरा दाखला आणखी जवळचा आहे. हार्मोनियम हे नाव पॅरिसच्या दबेंने १८४२ साली आपल्या वाद्यासाठी नोंदवले. पुढे कलकत्त्यात ते हातपेटी झाले आणि गावोगावच्या भजनात जाऊन बसले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने या पेटीवर बंदी घातली. पेटी परकी आहे, तिचे स्वर ठोकून बसवलेले आहेत, तिच्यात मींड नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद तिला कळत नाही, हे आक्षेप होते आणि ते खोटे नव्हते. रवींद्रनाथांसारख्यांचाही तिला विरोध होता. ती बंदी १९७१ नंतर कुठे सैल होऊ लागली. या तीस वर्षांत वारकऱ्यांनी पेटी खाली ठेवली का? कीर्तनकारांनी ठेवली का? बंदी नभोवाणीच्या खोलीत राहिली आणि पेटी देवळात राहिली.

आणि खुद्द ऑर्गन? आमचे पाहुणे ज्या नाट्यसंगीताचे भक्त आहेत, त्याचा प्राणवायू कोणता होता? बालगंधर्वांच्या गायनामागे कादरबक्षांची सारंगी होती, थिरकवांचा तबला होता आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन होता. हा ऑर्गन नळ्यांचा नव्हे, धातूच्या जिभल्यांचा, ज्याला आपण पायपेटी म्हणतो. अमेरिकेतल्या कारखान्यांनी ही वाद्ये मुळात कशासाठी केली? ज्या गावांना, ज्या घरांना, ज्या लहान चर्चना नळ्यांचा ऑर्गन परवडत नव्हता, त्यांच्यासाठी. तिच्या पट्ट्यांवरच्या खुंट्यांना नावेसुद्धा नळ्यांच्या ऑर्गनचीच दिलेली असत. म्हणजे पायपेटी हीच एका अर्थाने नळ्यांच्या ऑर्गनची नक्कल होती, गरिबाघरची प्रतिकृती! त्या प्रतिकृतीला मराठी रंगभूमीने आपल्या गळ्याशी जुळवले आणि आज तीच आपल्याला अस्सलपणाचे प्रमाण वाटते. नक्कल कोठे संपते आणि परंपरा कोठे सुरू होते, हे ठरवण्याचा अधिकार म्हणूनच आम्ही कुणा एकाला द्यायला तयार नाही.

येथे वॉल्टर बेन्यामिनचे नाव निघणार हे आम्हांला ठाऊक आहे. त्याच्या १९३६ च्या निबंधातले 'वलय' आपल्याकडच्या चर्चासत्रांत फार फिरते. यांत्रिक पुनर्निर्मितीत कलाकृतीचे वलय विरते, एवढे सांगून लोक थांबतात. विरलेल्या वलयाबरोबर कलाकृती देव्हाऱ्यातून बाहेर पडते आणि लोकांच्या हाती येते, हा त्याच निबंधाचा दुसरा अर्धा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

मूळ मुद्दा हाच आहे. जालन्यापासून मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधला ऑर्गन सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. "ऑर्गन चर्चमध्येच ऐकावा" या वाक्याचा मराठवाड्यातला अर्थ "ऑर्गन तुम्ही ऐकू नये" असा होतो. हेच विद्वान आम्हांला दस्तयेव्हस्की मुळातून वाचा असे सांगत नाहीत, कारण तो त्यांनीही भाषांतरातच वाचला आहे. भाषांतर चालते; मग नळीच्या स्वराचे हे भाषांतर का चालत नाही? आम्ही बी.ए.च्या वर्गात युरोपीय कादंबरी शिकवतो, तेव्हा कुणी आम्हांला पीटर्सबर्गचे तिकीट मागत नाही.

आणि जालन्याला हे सारे परकेच आहे असेही नाही. इथे छावणी होती. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती खेडे वसवले. पुढे नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची आणि भजनाची वाट दाखवली. टिळकांचे म्हणणे आम्ही मान्य करतो: देवाशी बोलायचे तर आपल्या चालीत बोलावे. पण आपली चाल जाणण्यासाठी दुसऱ्याची चाल ऐकलेली असावी लागते. समर्थांचे जांब ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात बेथेलही आहे. दोन्ही आमचीच आहेत.

आता आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर हा लेख वकिली ठरेल. या छंदात एक रोग फार लवकर जडतो. माणूस वाजवायचे सोडून ऑर्गन गोळा करू लागतो. आज सॉल्झबरी, उद्या प्राग, परवा फ्रान्समधले एखादे मठ. संगणकाची स्मृती सोळा जीबी पुरेना म्हणून बत्तीस आणि तीही पुरेना म्हणून चौसष्ट. दहा कॅथीड्रल घरात आणि एकही रचना बोटांत नाही! आम्हीही पहिले सहा महिने हेच केले. शिवाय काही गोष्टी या खोलीत येत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा षड्ज सेकंदाला सुमारे तेहतीस कंपनांचा असतो. तो कानापेक्षा छातीला आधी कळतो. आमचे स्पीकर त्याची फक्त खूण करतात. आणि बाहेर रोलिंग मिलची भट्टी ओढू लागली, की विजेचा दाब खाली जातो, इन्व्हर्टर कण्हतो आणि सॉल्झबरीच्या प्रतिध्वनीत जालन्याची घरघर मिसळते. ती आम्ही सहन करतो. तेही एक पाठांतरच.

या मर्यादा मान्य करूनही एक उपरोध नोंदवावासा वाटतो. पेटीवरचा मुख्य आक्षेप तिच्या ठोकून बसवलेल्या स्वरांचा होता. या प्रणालीत स्वरसप्तकाची बांधणी बदलता येते, एकेका नळीची पट्टी स्वतंत्रपणे चढवता-उतरवता येते. मींड तिलाही येत नाही. पण हवा तो गांधार मात्र लावता येतो. अस्सल वाद्याला जे जमले नाही, त्यातले निम्मे काम या नकलेला जमते.

आणि म्हणूनच आमचा खरा राग दुसरीकडे आहे. महाराष्ट्रात कलावंतांच्या घरी, बंद पडलेल्या नाटक मंडळ्यांच्या वारसांकडे, मिशनच्या जुन्या शाळांत कितीतरी पायपेट्या उभ्या आहेत. अमेरिकेतला एस्टीचा कारखाना १९६० साली बंद झाला. नवी जिभली तिथून येणार नाही. भात्याचे कातडे वाळते, लाकडाला वाळवी लागते, उंदीर नमदा कुरतडतात. दुरुस्ती करणारे हात बोटांवर मोजण्याइतके. या प्रत्येक पेटीचा आवाज वेगळा आहे. दर पावसाळ्यात त्यांतले काही आवाज कायमचे गप्प होतात. युरोपातल्या माणसाने आपल्या गावच्या चर्चमधली नळीन्नळी मुद्रित करून ठेवली, ती जगाला वाटली, आणि जालन्यातल्या एका माडीवर ती वाजते आहे. आपण मात्र "यंत्रात ती मजा नाही" असे म्हणत बसलो आहोत. मजा नाही हे खरे. पण उद्या मजाही नसेल आणि यंत्रही नसेल.

या कामाला लागते तरी काय? दोन चांगले मायक्रोफोन, एक शांत रात्र, पंखे बंद, एकसष्ट पट्ट्या आणि प्रत्येक खुंटीसाठी त्या पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या विद्यापीठाच्या चर्चासत्रातल्या भोजनखर्चात हे होईल. नाट्यसंगीतावर प्रबंधांची कमतरता नाही. आम्हीही त्या ढिगात भर घातली आहे. प्रबंधात 'ऑर्गनचा भरदार स्वर' असे लिहिलेले असते. तो स्वर भरदार म्हणजे कसा, हे पन्नास वर्षांनंतरचा विद्यार्थी कशावरून ठरवणार? जुन्या तबकड्यांत तो गाण्याच्या मागे, खरखरीच्या आड आहे. एकटा, सुटा, हाताखाली येईल असा नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी पायपेटी आहे त्यांनी ती पुसून झाकून ठेवू नये, वाजवावी आणि मुद्रित करू द्यावी. ज्यांच्या हाती संस्थांच्या चाव्या आहेत त्यांनी चर्चासत्रांतले एक कमी करावे. आणि आमच्या पाहुण्यांना आम्ही पुन्हा चहाला बोलावतो. या वेळी त्यांनी पाच मिनिटे ऐकू नये. खुर्चीवर बसावे, बूट काढावेत आणि तीस पट्ट्यांवर पाय ठेवून एक ओळ वाजवून पाहावी. चुकतील तेव्हा कळेल, की ही नक्कल नाही.