दवाखान्याचा कारभारी

राजपुरीच्या खाडीच्या एका काठास आगरदांडा, दुसऱ्या काठास दिघी. तर चालू असली म्हणजे हे अंतर थोड्या वेळाचे; ती बंद असली म्हणजे दिघीच्या माणसास अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठण्यासाठी म्हसळा, माणगाव असा डोंगरातून मोठा वळसा घालावा लागतो. अशा गावी एखादी बाई रात्री अडली, तर तिला कोणत्या वाटेने, कोणत्या वाहनाने आणि कोठे न्यावयाचे, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. श्रीवर्धनला भूलतज्ज्ञ आज हजर आहे काय, माणगावला रक्त मिळेल काय, गाडीचा चालक कोठे आहे, हे ज्यास अगोदरच ठाऊक असते, तोच त्या घटकेस उपयोगी पडतो.

हे ठाऊक करून घेणे आणि दहा माणसांकडून करवून घेणे यास आम्ही नेतृत्व म्हणतो. हा शब्द राजकारणाने इतका झिजवला आहे की, दवाखान्याच्या संदर्भात तो वापरताना संकोच वाटतो; कारभारीपण म्हटले तरी चालेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आपण हेच कारभारीपण सोपवलेले आहे. रोगी तपासावयाचे ते तर आहेच. शिवाय औषधांचा साठा, लसींची शीतपेटी, परिचारिकांच्या रजा, आशा कार्यकर्त्यांचा मोबदला, रुग्ण कल्याण समितीची बैठक, सरपंचांची तक्रार आणि वरून मागितलेली माहिती, हे सारे त्याच्याच टेबलावर येते. साडेपाच वर्षांच्या शिक्षणात व्यवस्थापनाचे एखादे प्रकरण त्याने परीक्षेपुरते वाचलेले असते. परिणामी सक्तीच्या सेवेचे वर्ष पुरे करावयास आलेला पंचविशीतला तरुण पहिल्याच दिवशी, आपल्या वयाहून अधिक वर्षे नोकरी केलेल्या माणसांचा वरिष्ठ होतो. तो पुढे रागावतो किंवा गप्प बसतो. दोहोंचा परिणाम एकच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा करोनाची साथ चालू होती. विजेचे खांब पडले, दूरध्वनी मुके झाले, रस्ते झाडांनी अडले. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावयाची असते. वीज नसता ती कोठे हलवावी, हे विचारण्यास वरिष्ठांचा फोन लागत नाही. अशा दिवशी परिपत्रकाची वाट पाहण्याची सवय लागलेला अधिकारी हतबल होतो, आणि तो दोष त्याचा एकट्याचा नव्हे. एरवी वर्षभर प्रत्येक लहान गोष्टीस वरची मंजुरी लागत असेल, तर संकटाच्या दिवशी निर्णयशक्ती कोठून उगवणार?

याच जिल्ह्यात याची उलट उदाहरणेही आहेत. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात रुजू झाले आणि विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री काढून त्यांनी उपचाराची जी दिशा शोधली, तिची दखल 'लॅन्सेट'ने घेतली. पण असे पुरुष आपोआप निपजतील, या भरवशावर खाते चालवता येत नाही. मांडव्याचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. डॉ. नोशीर अंतिया यांनी त्याच दशकात तेथील गावच्या, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांनी काम उत्तम केले. तथापि स्थानिक पुढाऱ्यांच्या विरोधामुळे तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. गावचे राजकारण सांभाळणे हाही आरोग्यसेवेचाच भाग आहे, हे कोणत्या प्रशिक्षणवर्गात शिकवले जाते?

वर्ग भरत नाहीत असे नाही. ते भरतात, व्याख्याने होतात, प्रमाणपत्र मिळते. आणि केंद्रावर परतलेल्या अधिकाऱ्यास पूर्वीचाच गुंता भेटतो. प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेकडे आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, अशी वाटणी आहे. रोगी मात्र एकच असतो. आमच्या मते या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना तालुक्यात एकत्र बसवून, गेल्या वर्षी दगावलेल्या किंवा उशिरा पोहोचलेल्या रुग्णांची हकिगत कोणास दोष न देता तपासावी. त्यातून जे शिकता येईल, ते व्याख्यानातून येणार नाही. त्यांच्याजवळ अनुभवी अधिकाऱ्याने वर्षभर मार्गदर्शक म्हणून राहावे, आणि किरकोळ दुरुस्ती व वाहन यांवरील खर्चाचा अधिकार केंद्रप्रमुखास खरोखर वापरू द्यावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने दिघी बंदर औद्योगिक क्षेत्रास मंजुरी दिली आहे. बाहेरून मजूर येतील, त्यांच्या वस्त्या होतील, अपघात होतील. कारखान्याच्या व्यवस्थापकास वर्षानुवर्षे घडवतात. त्याच्या मजुरांना जेथे आणावयाचे त्या दवाखान्याचा व्यवस्थापक मात्र नेमणुकीच्या आदेशानेच तयार झाला असे समजतात!

आणखी एक गोष्ट सरकारच्या हातची, आणि तीस पैसा जवळजवळ लागत नाही. २००५ च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. म्हणजे किनाऱ्यावरचा नवा अधिकारी नेमका पावसाच्या तोंडावर येतो. कोणती वाडी तुटते, कोणता तांडेल रात्री होडी काढतो, कोणत्या गावी कोणती बाई नवव्या महिन्यात आहे, हे जाणणारा जुना अधिकारी त्याच आठवड्यात निघून जातो. या दोघांना निदान पंधरा दिवस एकत्र ठेवून, गावोगावी फिरून कारभार हाती देण्याची सक्ती येत्या बदल्यांपासून करावी.