तलवार हलकी का वाटते?

सबमिशन झालं, ओरल झाल्या, की होस्टेलवर एकच प्रश्न उरतो – "चला, कोणता पिक्चर?" आणि इथेच आपल्यात दोन पक्ष पडतात. एक मारधाड पार्टी. हिला घोडे, तलवारी, तोफा आणि इंटरव्हलच्या आधी एक दणदणीत डायलॉग मिळाला की त्या रात्री मेसची भाजीसुद्धा गोड लागते. दुसरी रडारड पार्टी. हिच्या पिक्चरमध्ये एक जुना वाडा असतो, एक आजारी माणूस असतो आणि बराच वेळ कोणी काही बोलत नाही. दोन्ही पार्ट्या एकमेकींना मनसोक्त नावं ठेवतात. मी दोन्हीकडे बसतो, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो. तेव्हा म्हटलं, आज जरा सविस्तर भांडूया!

माझं म्हणणं थोडक्यात असं. गेल्या सात-आठ वर्षांतल्या आपल्या ऐतिहासिक मारधाडपटांची खरी ताकद मारधाडीत नाहीच. ती आहे मारधाडीच्या आधीच्या भीतीत. जिथे ती भीती दाखवली आहे तिथे पिक्चर उभा राहतो. जिथे ती गाळली आहे तिथे कितीही रक्त सांडलं तरी तलवार पुठ्ठ्याची वाटते.

आधी चांगलं बोलू. २०१८ साली दिग्पाल लांजेकरांचा 'फर्जंद' आला. मग 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३). या पिक्चरांनी एक काम निश्चित केलं. आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर मराठी पिक्चरला थिएटरात नेलं. ज्या पोरांना मराठी पिक्चर म्हणजे रविवारी दुपारी टीव्हीवर लागणारी गोष्ट वाटायची, ती पोरं तिकीट काढून गेली. दुसरं म्हणजे भाषा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. आम्हाला शाळेत शिवाजी महाराज इंग्रजीतून शिकवले. त्यात 'फोर्ट' होता, 'एनिमी' होता, पण गनीम, खलबत, हरकारा, चोरवाट हे शब्द नव्हते. ते मला या पिक्चरांनी दिले. तिसरं, यांनी मोठ्या नावांच्या मागची माणसं पुढे आणली. कोंडाजी फर्जंद आमच्या परीक्षेत दोन मार्कांनासुद्धा नव्हता. त्याच्या नावावर अख्खा पिक्चर निघाला, ही गोष्ट लहान नाही.

आता दुसरी बाजू. २०२२ या एकाच वर्षात एकच लढाई आपल्याला दोनदा बघायला मिळाली. फेब्रुवारीत 'पावनखिंड' आणि ऑक्टोबरात अभिजित देशपांडे यांचा 'हर हर महादेव'. दोन्हींच्या शेवटी तीच घोडखिंड, तेच बाजीप्रभू, तीच १३ जुलै १६६०. एकाच विषयावर दोन प्रॅक्टिकल झाली म्हणा ना! त्यामुळे रीडिंग ताडून बघायला सोपं जातं.

ही गोष्ट मुळात काय आहे ते आठवा. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला चार महिने वेढा घातला होता. पाऊस सुरू झाला तरी तो हलला नाही. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत दिली. म्हणजे समोरचा माणूस बावळट नव्हता, चांगला सेनापती होता. म्हणून तर त्याच्या वेढ्यातून रात्री, चिखलातून, पन्नास-साठ किलोमीटर विशाळगडापर्यंत जाणं ही अशक्य कोटीतली गोष्ट ठरते. आणि त्या रात्री शिवा काशीद नावाचा एक माणूस महाराजांचा वेश करून पालखीत बसतो. त्याला माहीत आहे की आपण पकडले जाणार आणि मारले जाणार. त्याच्या हातात तलवार चालवायची वेळ येतच नाही. तरी त्या रात्रीचं सगळ्यात मोठं धाडस त्याचं आहे.

'पावनखिंड'मध्ये हे वजन बऱ्यापैकी जाणवतं. अजय पूरकरांचे बाजीप्रभू लढायच्या आधी आपल्याला माणूस म्हणून कळतात. त्यांचं वय कळतं, थकवा कळतो, मागे राहिलेलं घर कळतं. म्हणून खिंडीत त्यांना पहिला घाव लागतो तेव्हा आपण खुर्चीत पुढे सरकतो. 'हर हर महादेव'मध्ये शरद केळकरांचा आवाज आहे, देह आहे, मेहनत आहे. पण एकेक वार दहा-दहा माणसं उडवायला लागला की माझ्या डोक्यात हिशोब सुरू होतो. एका वाराला दहा, तर शंभर वारांना हजार. मग तीनशे मावळे बरोबर घ्यायची गरजच काय होती? आणि बाजींना तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत जीव धरून ठेवायला त्रास कसला झाला?

सेकंड इयरला आपण युटीएम मशीनवर सळीचा तुकडा लावतो आणि तो तुटेपर्यंत लोड वाढवत नेतो. लोडच लावला नाही तर त्या सळीची ताकद कुणाला कळणार? पिक्चरमधला शत्रू म्हणजे हा लोड. तो मूर्ख, हावरट, खदाखदा हसणारा दाखवला की लोड शून्य झाला. मग हिरोची ताकद आपण नुसती ऐकून घ्यायची, बघायला मिळत नाही. गंमत म्हणजे शत्रूला लहान करताना आपण आपल्याच माणसाला लहान करतो, हे लक्षातच येत नाही.

"अरे, मराठीत पैसा नाही म्हणून असं होतं," असं मारधाड पार्टीचं ठरलेलं उत्तर आहे. ठीक आहे. मग पैसा असलेला पिक्चर घेऊ. १४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकरांचा हिंदी 'छावा' आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, विकी कौशलचा. कमाई शेकडो कोटींत. घोडे खरे, सेट मोठे, आवाज तर इतका मोठा की बाहेर आल्यावर कान गुणगुणत होते. पण त्यातलं आठवतं काय? मला दोन गोष्टी आठवतात. एक, अक्षय खन्नाचा औरंगजेब. तो जवळजवळ ओरडतच नाही आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. दुसरी, शेवटचा तो प्रसंग, जिथे साखळदंडात जखडलेले संभाजी महाराज आणि कवी कलश एकमेकांना कवितेतून उत्तरं देतात. तलवार नाही, घोडा नाही, हात बांधलेले. एवढ्या खर्चिक मारधाडपटातला सगळ्यात भारी प्रसंग हा दोन बांधलेल्या माणसांच्या बोलण्याचा आहे! यातच सगळं आलं.

उलट जे राहून गेलं ते बघा. संभाजी महाराजांनी 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तो विद्वान माणूस गर्जनांच्या खाली दबून गेला. येसूबाईंच्या वाट्याला ओवाळणं आणि वाट बघणं आलं. खऱ्या येसूबाई १६८९ साली रायगड पडल्यावर मुघलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ साली सुटल्या. तीस वर्षं! यावर पिक्चर काढायला किती घोडे लागतील सांगा?

आणि प्रेक्षक काय घेऊन गेले? मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. पिक्चरमध्ये मुघलांचा खजिना बघितला म्हणून! हसू येतं, पण पिक्चरने जे चकचकीत दाखवलं तेच लोकांच्या लक्षात राहिलं, हेही खरं.

हे असं का होतं? दिग्दर्शकांना अक्कल नाही असं मला मुळीच वाटत नाही. मला वाटतं ते घाबरलेले असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यात 'हर हर महादेव'चा चालू शो बंद पाडला गेला आणि प्रेक्षकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली. जानेवारी २०२५ मध्ये 'छावा'च्या ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून आक्षेप आले आणि तो भाग काढावा लागला. कोणाचा आक्षेप बरोबर, कोणाचा चूक, तो वाद वेगळा. पण इतकी टांगती तलवार असल्यावर दिग्दर्शक काय करणार? तो हिरोची तसबीर करून टाकतो. तसबिरीला घाम येत नाही, ती घाबरत नाही, चुकत नाही, हसतसुद्धा नाही. फक्त हार घालायला सोयीची असते.

आणि आपण तरी काय वेगळे आहोत? "मला पिक्चर नाही आवडला" असं रूमवर म्हणून बघा. लगेच कोणीतरी विचारणार, "म्हणजे तुला महाराज आवडत नाहीत का?" मित्रांनो, पिक्चरला नावं ठेवणं म्हणजे महाराजांना नावं ठेवणं नव्हे. उलट महाराजांबद्दल खरा आदर असेल तर त्यांच्या नावावर कोणी ढिसाळ काम आणून विकलं की सगळ्यात आधी आपल्याला राग यायला हवा. एवढं बोलायची मोकळीक जर आपल्याला आपल्याच कॉटवर बसून नसेल, तर मग दिग्दर्शकाने ती कुठून आणायची?

आता रडारड पार्टीने फार खूश होऊ नये. तुमचीही फाईल तपासायची आहे.

निखिल महाजन यांचा 'गोदावरी' नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला. आपल्या नाशिकचा पिक्चर. जितेंद्र जोशीला त्यासाठी इफ्फीत अभिनयाचं पारितोषिक मिळालं, महाजनांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाडं वसूल करत फिरणारा, सगळ्या जगावर चिडलेला निशिकांत, त्याचं तुटलेलं घर, मरणाची चाहूल आणि खाली वाहणारी नदी. विक्रम गोखले, नीना कुलकर्णी, संजय मोने अशी माणसं. ताकद काय, तर जागा. जो घाट आपण रामकुंडावर गाडी लावायला जागा शोधताना बघतही नाही, तो घाट इथे घरातला माणूस होऊन बसलाय. आणि भीती? ती तर पूर्ण पिक्चरभर आहे. शत्रू असा की ज्याला कापता येत नाही.

पण कमतरताही आहे. निशिकांतची चिडचिड आपल्याला पहिल्या वीस मिनिटांत समजते. पिक्चर मात्र ती बराच वेळ समजावत राहतो. नदीबद्दल माणसं जरा जास्तच बोलतात. नदी समोर वाहते आहे ना, मग तिलाच बोलू द्यावं की! आपल्या बऱ्याच गंभीर पिक्चरांची ही सवय आहे. माणूस खिडकीपाशी बसला म्हणजे खोल विचार झाला, असं ते धरून चालतात. मारधाडपट भीती गाळतात आणि हे हालचाल गाळतात. त्यात यांना शो मिळतो एखादाच, तोही नेमका आपल्या प्रॅक्टिकलच्या वेळी. आठवड्यात पिक्चर उतरतो आणि मग आपण म्हणतो, "मराठीत चांगलं काही निघतच नाही."

दोन्ही एकत्र जमतं का? जमतं. प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) आठवा. त्यात कोयते आहेत, पाठलाग आहे, शिट्ट्या आहेत. पण कोयत्याच्या मागे जमीन विकून बसलेला बाप आहे. पोरगा गुंड का झाला ते कळतं, म्हणून प्रत्येक मारामारीचं बिल कुणाच्या घरी जाणार तेही कळतं. नाशिकच्या आजूबाजूला द्राक्षबागांच्या जागी प्लॉट पडताना बघणाऱ्यांना तर ते फारच कळतं.

आणि हे काही नवीन शोध नाहीत. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या नाशिकच्या कंपनीने १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला. यमुनेच्या डोहात कृष्ण आणि नाग यांची झुंज, म्हणजे त्या काळातला स्पेशल इफेक्टच. पण पिक्चर सुरू कसा होतो? कृष्णाचं काम करणारी फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी आधी नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. आधी चेहरा, मग नाग! शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावच्या माणसाला क्रम माहीत होता.

शेवटी एक गोष्ट सुचवतो. दिंडोरीच्या अंगाला रामशेज आहे. आपण रविवारी सकाळी जाऊन दुपारच्या मेसला परत येतो, एवढा छोटा किल्ला. १६८२ मध्ये औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला तिथे पाठवलं. त्याने लाकडाचा उंच दमदमा उभारला, तरी गड मिळेना. मग दुसरा सरदार आला. त्यालाही मिळेना. मुघलांच्याच बाजूचा इतिहासकार खाफी खान लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडं चढवलं. ही तर शुद्ध इंजिनिअरिंग! पाच वर्षांच्या आसपास हा किल्ला झुंजला. शेवटी गेला तो तोफेने नाही, पैशाने.

यात एका वाराला दहा माणसं उडवता येत नाहीत. यात आहे उपास, पाऊस, संपत आलेलं धान्य, खाली दिसणारी छावणी आणि रोज सकाळी उठून "आजचा दिवस काढू" असं म्हणणं. पिक्चर काढायला आपल्याकडे कोटी नाहीत. पण येत्या गॅदरिंगला चाळीस मिनिटांची एकांकिका बसवता येईल. स्टेजवर तलवार एकच, तीही शेवटपर्यंत म्यानात. मारधाड पार्टीने गड लढवावा, रडारड पार्टीने भीती सांभाळावी आणि वर्कशॉपवाल्यांनी लाकडी तोफ करून द्यावी. लिहायला मी तयार आहे.

बघा, पटतंय का! नसेल पटत तर रूमवर या, भांडू. फक्त चहा तुमचा.