एका पाखराचे स्वतंत्र खाते

कामोठ्यात आमच्या गॅलरीत जास्वंदीची एक कुंडी आहे. सकाळी डबे भरण्याच्या घाईत तिच्यावर जांभळा शिंजीर येतो, वाकड्या चोचीने फुलातला रस पितो आणि भुर्रकन उडून जातो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही मुलांना घेऊन पनवेलहून एस.टी.ने कर्नाळा अभयारण्यात गेलो. तेथे फुललेल्या सावरीवर तसाच, पण लाल छातीचा पक्षी दिसला. धाकटीने विचारले, "हा आपल्या शिंजिराचा भाऊ, की वेगळाच कोणी?"

पोरीचा प्रश्न साधा; पण या लाल पाखराबाबत जाणकारही असेच अडले होते.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत त्याने हे पाखरू स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदले आणि त्याला विगर्स या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले. विसाव्या शतकात मात्र हे पाखरू हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या किरमिजी शिंजिराची केवळ उपप्रजाती मानले गेले. डॉ. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या ग्रंथातही ते तसेच आले. पुढे २००५ साली रासमुसेन आणि अँडरटन यांनी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथात त्याला पुन्हा स्वतंत्र प्रजाती मानले. नराच्या लाल छातीवरच्या बारीक पिवळ्या रेघा ही त्याची एक ठळक खूण.

वाचक म्हणतील, कागदावरचे नाव बदलल्याने पाखराला काय मिळाले? आम्ही कारकुनी करणारी माणसे. आम्हाला हे चटकन उमगते. एखाद्याची रक्कम दुसऱ्याच्या मोठ्या खात्यात जमा होत राहिली, तर त्याची शिल्लक किती घटली हे एकूण बेरजेत कळतच नाही. सह्याद्रीतले हे पाखरू संपले असते, तरी 'किरमिजी शिंजीर आशियात भरपूर आहेत' एवढेच वहीत दिसले असते. आज ते धोक्यात आहे असे नाही. पण त्याचे घर पश्चिम घाट हेच आहे. येथे गेले तर भरून काढायला दुसरीकडून येणार नाही.

शिंजिरांच्या बहुतेक प्रजाती आफ्रिकेत आहेत आणि तेथेही हाच हिशेब चालू आहे. टांझानियात वेगवेगळ्या डोंगरांवरच्या जंगलांत दिसायला जवळजवळ सारखे शिंजीर राहतात. अभ्यासकांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिली, तेव्हा काही डोंगरांवरचे गाणे अगदी निराळे निघाले. म्हणजे नुसता रंग पाहून निवाडा करता येत नाही. आवाज आणि राहण्याचा मुलूखही पाहावा लागतो. आणि नवा पुरावा आला की जुनी यादी दुरुस्त करावी लागते. (माणसांची मात्र जगभर एकच प्रजाती, हे मुलांना आवर्जून सांगावे.)

धाकटीला आम्ही सांगितले, "कुळ एकच, पण प्रजाती वेगळी. भाऊ नव्हे, चुलत घराण्यातला म्हण."

कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे आणि पनवेलहून जवळ आहे. सुट्टीत मुलांना जरूर न्यावे. सोबत एक वही द्यावी. तारीख, जागा, झाड, रंग आणि आवाज, एवढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे. नाव नाही आले तरी चालेल. ते मागाहून शोधता येते. न लिहिलेले मात्र सापडत नाही.