कुंपणानेंच शेत खाल्लें

झाड लावणें हें पुण्यकर्म, मग तें कोणतेंही असो नि कोठेंही लावलेलें असो, असें आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. परवां आमच्या नातवानें संगणकाच्या पडद्यावर पोर्तुगालच्या सागरकिनाऱ्याचा एक नकाशा दाखविला, आणि त्या उपदेशास पुस्ती जोडणें आम्हांस भाग पडलें.

त्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या आहेत. वाळू उडून आंत येऊं नये म्हणून सुमारें शंभर वर्षांपूर्वीं तेथें ऑस्ट्रेलियांतलें एक पिवळ्या फुलांचें झुडूप आणून लाविलें. आपल्या कोंकणांत रस्त्याकडेला दिसणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ त्याच्याच गोत्रांतली. वाळू थांबली खरी. पण झुडूप थांबेना. त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतला नत्र जमिनींत आणतात, त्यामुळें निकस वाळूचा गुणच पालटतो. आणि त्या निकस वाळूंतच सुखानें राहणारीं, मोत्यासारख्या पांढऱ्या फळांच्या कोरेमासारखीं मूळचीं ठेंगणीं झुडपें मागें हटतात. कुंपणानेंच शेत खाल्लें, दुसरें काय!

हें आक्रमण कोठवर पोंचलें, तें सारी वाळू तुडवून पाहणें कठीण. येथें आकाशांतल्या डोळ्याचा उपयोग होतो. युरोपानें सेंटिनेल-२ मालिकेंतील पहिला उपग्रह २०१५ सालीं सोडला. मनुष्यास न दिसणारे अवरक्त किरणही तो टिपतो. त्याच्या चित्रांतील लहानांत लहान ठिपका दहा मीटरांचा. एरव्हीं हिरव्यांत हिरवें निवडणें अवघड. पण फेब्रुवारी-मार्चांत हें झुडूप पिवळें धमक फुलतें, आणि चोर आपल्याच अलंकारांनीं पकडला जातो. लहान जाळी मात्र या दृष्टींतून निसटते; तिच्यासाठीं वैमानिकावांचून उडणारीं छोटीं यानें खालून चित्रें घेतात.

फुलें मोजण्यास आणखी एक कारण आहे. २०१५ सालींच पोर्तुगालांत एक चिमुकली गांधीलमाशी मुद्दाम सोडण्यांत आली. ती कळींत अंडीं घालते. मग फुलाऐवजीं गांठ होते नि बीं धरत नाहीं. फुलांचा पिवळेपणा किती ओसरला, तें वरून पाहिलें म्हणजे उपाय लागू पडतो कीं नाहीं, याचा अंदाज येतो.

परंतु वाळूंत पडलेलें बीं वर्षानुवर्षें जिवंत राहतें, आणि तें कोणत्याही उपग्रहास दिसत नाहीं. तेथें वांकून रोप उपटणारा हातच हवा.

म्हणून आमची पुस्ती एवढीच: झाड अवश्य लावावें, पण आधीं त्याचें गोत्र विचारावें, आणि नंतर त्यावर नजर ठेवावी. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असल्यास त्यानें मागच्या धड्यांत एवढी दुरुस्ती करून घ्यावी.